शाकारणी आरव्हीच्या छताची

कोकणातल्या आमच्या घराची शाकारणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात व्हायची. गडी वर चढून कौलं उतरवायचे, फुटकी बाजूला टाकायचे, पाल्यापाचोळ्यानं तुंबलेल्या पन्हळी मोकळ्या करायचे आणि आजोबा अंगणात उभे राहून एकच वाक्य घोकायचे, “पाय वाशावर टाक रे, कौलावर नको.” ते वाक्य मला तीस वर्षांनी कॅलिफोर्नियात, चोवीस फुटी ट्रेलरच्या छतावर गुडघे टेकून बसलेली असताना आठवलं. हातात ड्रिल होतं. खाली नवरा शिडी धरून उभा होता आणि दर दोन मिनिटांनी विचारत होता, “नक्की इथेच ना?”

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, इथल्या भाषेत आरव्ही, आम्ही जुना घेतला होता. छतावर आधीच्या मालकानं स्वतः बसवलेली दोन सोलर पॅनल होती, आणि खरं सांगायचं तर ती बघूनच आम्ही भुललो. दुसऱ्या हिवाळ्यात पलंगावरच्या कपाटाचा कोपरा हाताला मऊ लागायला लागला. वरचं पॅनल काढलं तर ब्रॅकेटभोवती हार्डवेअरच्या दुकानातलं पांढरं सिलिकॉन फासलेलं, त्याची कड सुटलेली, आणि स्क्रूच्या भोकातून मुरलेल्या पाण्यानं खालच्या प्लायवूडचा चहात भिजलेल्या बिस्किटासारखा लगदा झालेला. वीज मात्र शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम येत होती.

वायरिंग चुकलं तर त्याच दिवशी कळतं. फ्यूज उडतो, पॅनलची वीज बॅटरीत भरणारा कंट्रोलर लाल दिवा दाखवतो. छताचं भोक चुकलं तर दोन पावसाळे काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा पॅनलच्या कितीतरी पट खर्च छतावर होतो. सोलरबद्दल विचारणारे लोक वॅट आणि अँपबद्दल विचारतात. मी त्यांना आधी छत दाखवायला सांगते.

मुळात हवंय का?

तुमचे मुक्काम बहुतेक वेळा ३० किंवा ५० अँपचा हुकअप, म्हणजे वीजजोडणी, असलेल्या कॅम्पग्राउंडवरच होत असतील, तर हे सगळं करू नका. तिथे वीज सहसा भाड्यातच येते. छताला भोकं पाडायचं कारण तेव्हा निर्माण होतं जेव्हा तुम्ही हुकअपविना राहता, ज्याला इथे बूनडॉकिंग म्हणतात. ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हे त्याचं माहेरघर. आय-१० महामार्गावरच्या त्या छोट्याशा गावाबाहेर, ला पोसाच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परमिट काढून महिनोन्‌महिने राहता येतं. तिथे सावली देणारं झाड विरळच, विजेचा खांब तर नाहीच. ऊन मात्र हवं तेवढं. राष्ट्रीय उद्यानांतल्या अनेक कॅम्पग्राउंडवरही हुकअप नसतो आणि जनरेटर चालवायच्या वेळा ठरलेल्या असतात. पहाटे पोह्यांसाठी कांदा चिरताना शेजाऱ्याच्या जनरेटरचा धूर नाकात गेला की सोलरचं महत्त्व कोणी पटवून द्यावं लागत नाही.

उलट बाजूही सांगते. रेडवूड किंवा ऑलिंपिकच्या जंगलात राहणाऱ्यांचं छत दिवसभर झाडाखाली असतं. त्यांना घडीचं सुटं पॅनल बरं: गाडी सावलीत, पॅनल तीस फुटांवर उन्हात. आणि छतावरचा एसी सोलरवर दिवसभर चालेल अशी आशा असेल तर ती इथेच सोडा. १३,५०० बीटीयूचा एसी चालताना १३०० ते १५०० वॅट ओढतो. आठ तासांचे झाले अकरा किलोवॅट-तासांच्या आसपास. चोवीस फुटी छतावर एवढी जागाच नसते.

पैशांचं एक वाक्य. घरच्या सोलरवर मिळणारी ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलत, जी झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेल्या आरव्हीला दुसरं घर म्हणून लागू करून अनेकांनी घेतली, ती २०२५ नंतर झालेल्या खर्चासाठी बंद झाली. जुन्या माहितीवर विसंबून विक्रेता ती अजून हिशेबात धरत असेल तर त्याला थांबवा.

आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब

इथल्या पुस्तकांतले वीजवापराचे तक्ते कॉफी मेकर आणि टोस्टर धरून केलेले असतात. आपलं घर वेगळं चालतं. आमचा एका दिवसाचा हिशेब असा: १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज साधारण ६५० वॅट-तास. इन्स्टंट पॉटमध्ये वरण-भात, हजार वॅटचं भांडं पण आच सतत चालू नसते, म्हणून ३५०. चटणी-वाटणासाठी ११० व्होल्टचा मिक्सर तीन मिनिटं, जेमतेम ३०. आवाज मात्र तीन हजारांचा. छतातला पंखा २००, दिवे ५०, दोन लॅपटॉप ४००, उपग्रहाचं इंटरनेट दहा तास ६००. बेरीज २२८०. इन्व्हर्टरमध्ये थोडं वाया जातं ते धरून २५००.

पोळ्या मी गॅसवरच करते. इंडक्शनवर अर्धा तास पोळ्या म्हणजे ७००-७५० वॅट-तास, आणि ट्रेलरला प्रोपेनच्या टाक्या असतातच. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा दोन गोष्टी वाढतात: दिवसातून पाच वेळा चहाची इलेक्ट्रिक किटली, जी मी लपवून ठेवते, आणि बाबांचं झोपेचं सीपॅप यंत्र, जे लपवता येत नाही. त्यातला पाणी तापवणारा भाग बंद ठेवला तर यंत्र रात्रभरात फार खात नाही; चालू ठेवला तर दुपटीहून जास्त खातं. डॉक्टरांना विचारून ठरवा, पण ठरवा निघायच्या आधी.

अजून एक छुपा खाऊ: मोठा इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता चालू ठेवला तरी २०-३० वॅट खातो. चोवीस तासांत ते ५०० ते ७०० वॅट-तास होतात, म्हणजे अख्ख्या फ्रिजएवढे. रात्री तो बंद करायची सवय लावा.

आता कमाईची बाजू. छतावरचं पॅनल सपाट झोपलेलं असतं आणि सूर्य मात्र हिवाळ्यात खाली उतरतो. रत्नागिरीत डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांच्या जवळ असतो. क्वार्ट्झसाइटला तेहतीस, सिॲटलला जेमतेम एकोणीस. भारतात वाढलेल्या माणसाला ‘दुपारचं ऊन’ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते इथे हिवाळ्यात नसतंच. तेहतीस अंशांवरून येणारं ऊन सपाट पॅनलला निम्म्याहून थोडंच जास्त लागू पडतं. म्हणून ४०० वॅटची पॅनल ॲरिझोनातसुद्धा डिसेंबरात दिवसाला सुमारे ९०० वॅट-तास देतात आणि जूनमध्ये २२०० च्या आसपास. वरचा २५०० चा खर्च हिवाळ्यात भागवायचा तर एक हजार वॅटसुद्धा तोकडे पडतील. आम्ही ८०० वर थांबलो आणि इंटरनेट दहाऐवजी चार तासांवर आणलं.

तुमच्या ठिकाणाचा आकडा हवा असेल तर कोलोरॅडोतल्या गोल्डन इथल्या सरकारी ऊर्जा प्रयोगशाळेनं केलेलं पीव्हीवॉट्स हे फुकटचं गणकयंत्र वापरा. त्यात पॅनलचा कल शून्य घाला. तिथे आपोआप येणारा आकडा घराच्या उतरत्या छपरासाठीचा असतो, आणि तो तसाच ठेवून हिशेब केलेले लोक जानेवारीत अंधारात बसलेले मी पाहिले आहेत.

वर काय बसेल

कागदावर छताचा नकाशा काढा. एसी, पंख्यांची झाकणं, अँटेना, संडासाच्या टाकीचा पाइप, फ्रिजची धुरांडी, सगळं टेपनं मोजून. मग त्यांच्या सावल्या काढा. चौदा इंच उंच एसीची सावली ॲरिझोनात डिसेंबरच्या भर दुपारी पावणेदोन फुटांच्या वर जाते, सिॲटलला साडेतीन फुटांच्या जवळ. सकाळ-संध्याकाळ त्याहून कितीतरी लांब. पॅनलमधले सेल माळेसारखे जोडलेले असतात. चार सेलांवर सावली पडली तर चार सेलांपुरतं नुकसान होत नाही, माळेचा तो अख्खा भाग गळतो. एसीच्या मागे अंग चोरून बसवलेलं २०० वॅटचं पॅनल दिवसभरात मोकळ्यावरच्या १०० वॅटच्या पॅनलइतकंच देऊ शकतं, तेव्हा नकाशावर मावतंय म्हणून पॅनल घेऊ नका.

आणि चालायला वाट ठेवा. छत दर सहा महिन्यांनी तपासायचं आहे. पॅनलांनी गच्च भरलेल्या छतावर झाकणाच्या कडेपर्यंत पोचताच येत नाही.

पॅनल कडक काचेचं घ्यावं की पातळ, लवचीक? माझं मत सरळ आहे: काचेचं. लवचीक पॅनल वजनाला हलकं, दिसायला देखणं आणि भोक न पाडता चिकटवता येतं, म्हणून मोह होतो. पण ते छताला चिकटून बसतं, खालून वारा लागत नाही, तापतं, आणि तापलेलं पॅनल कमी वीजही देतं आणि लवकर म्हातारंही होतं. मेल्यावर ते खरवडून काढताना छताची कातडीही सोबत येते. एअरस्ट्रीमसारख्या गोलाकार ॲल्युमिनियमच्या छताचा अपवाद समजा. काचेच्या पॅनलखाली ब्रॅकेटमुळे इंच-दीड इंच मोकळी जागा राहते, तेच त्याच्या दीर्घायुष्याचं गुपित.

वजनही बघा. २०० वॅटचं काचेचं पॅनल पंचवीस पौंडांच्या आसपास असतं. चार पॅनल, ब्रॅकेट, वायर मिळून सव्वाशे पौंड तरी होतात. दाराजवळच्या स्टिकरवर गाडीची माल वाहून नेण्याची मर्यादा लिहिलेली असते, त्यातून ते वजा करा. उंचीची चिंता सहसा नसते, कारण पॅनल एसीपेक्षा बुटकं राहतं. तरीही सगळ्यात उंच टोकापर्यंतचं माप घेऊन ड्रायव्हरच्या समोर चिकटवा. युटातल्या झायनच्या १९३० सालच्या बोगद्यासाठी निर्बंध ११ फूट ४ इंचांपासून सुरू होतात, आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा रेल्वेपूल तर उंच ट्रकांची छतं सोलून काढण्यासाठीच प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये तो थोडा वर उचलला, तरी त्याची भूक पुरती भागलेली नाही.

वासे, कातडी आणि भोक

‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण आरव्हीला शब्दशः लागू आहे. काही छतांचे वासे लाकडी असतात, काहींचे ॲल्युमिनियमच्या चौकोनी पोकळ नळ्यांचे. त्यावर प्लायवूड किंवा भुशाचा दाबलेला तक्ता, अनेकदा जेमतेम ३/८ इंच जाड. त्यावर चिकटवलेली पातळ कातडी: ईपीडीएम रबर, टीपीओ प्लास्टिक, फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियम. वाहत्या हायवेवर ताशी ६५ मैलांचा वारा पॅनलला वर उचलायला बघतो. नुसत्या ३/८ इंच फळीत पकडलेला स्क्रू आणि वाशात रुतलेला स्क्रू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून आधी वासे शोधा. कंपनीकडे छताचा आराखडा मागा, अनेक कंपन्या देतात. नाहीतर ताकदवान लोहचुंबक घेऊन कातडीवरून सावकाश फिरवा. फळी जिथे खिळ्यांनी वाशावर ठोकलेली आहे तिथे तो ओढ घेतो. उन्हाळी पहाटे दव पडलं की वाशांच्या रेषा छतावर कधीकधी आपोआप उमटतात, मात्र तेव्हा वर चढू नका. ओलं रबर साबणासारखं निसरडं असतं. वासे बहुधा सोळा इंचांवर असतात, पण ‘बहुधा’वर ड्रिल चालवायचं नाही. पॅनलची लांबी आणि वाशांचं अंतर जुळत नसेल तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाशांवर आडव्या टाकून त्यांवर पॅनल बसवा. पट्टीचा फायदा असा की भोकं कमी होतात. हिशेब करा: चार पॅनल, प्रत्येकाला चार ब्रॅकेट, ब्रॅकेटला दोन स्क्रू, म्हणजे तुम्ही स्वतःच्या घराच्या छताला बत्तीस भोकं पाडणार आहात.

कातडी कोणती आहे हे ठरल्याशिवाय कोणतीही नळी उघडू नका. हात फिरवल्यावर पांढरी पूड लागत असेल तर बहुधा ईपीडीएम. त्याला पेट्रोलियमवर आधारलेली द्रावणं आणि डांबरी सीलंट लावलं की ते फुगतं. आणि सिलिकॉन? ते रबराला धड चिकटत नाही, आणि एकदा लावलं की त्या जागी नंतर दुसरंही काही चिकटत नाही. आमच्या छतावरचे सिलिकॉनचे थर प्लास्टिकच्या सुरीनं खरवडून काढायला मला अख्खा शनिवार लागला. आरव्हीच्या छतासाठी डायकॉरसारखं लॅप सीलंट मिळतं. नळीवर तुमच्या कातडीचं नाव छापलेलं आहे ना, एवढं वाचा.

नुसत्या दुहेरी चिकटपट्टीवर पॅनल बसवणारेही आहेत. गुळगुळीत फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमवर ते चालू शकतं. रबरावर नाही. तिथे पट्टी रबराला घट्ट धरेलही, पण रबर फळीला कितपत धरून आहे? वारा दुबळी जागा बरोबर शोधतो.

आता एकच ब्रॅकेट आपण सोबत बसवू. दिवस कोरडा आणि उबदार निवडा. थंडीत सीलंट पसरत नाही आणि ब्युटाइल टेप कडक राहते. ब्रॅकेट पॅनलच्या चौकटीला खाली जमिनीवरच बोल्टनं जोडून घ्या, आत नायलॉनची कडी असलेले नट वापरून, कारण वर गेल्यावर पॅनलखाली हात जात नाही. पॅनलवर जुनी चादर टाका आणि दोघांनी मिळून ते वर चढवा. वाऱ्याच्या दिवशी मुळीच नाही. पॅनल म्हणजे शीडच असतं. गुडघ्यांखाली प्लायवूडचा तुकडा किंवा योगाची चटई घ्या. वजन वाशांवर.

ब्रॅकेट जागेवर टेकवा, पेन्सिलनं त्याची चौकट आणि भोकं काढा, उचला. ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. ब्रॅकेटच्या तळाला राखाडी ब्युटाइल टेप लावा, कणकेच्या गोळीसारखी दाबून. मग ड्रिल. बिटाला किती खोल जायचं तिथे टेपची खूण करा, कारण फळीच्या खाली पोकळीत वायर असू शकतात आणि त्याच्या खाली तुमच्या शयनगृहाचं छत असतं. फळी ओलांडल्यावरही बिटाला गुंडाळून लाकडाचा पिवळसर भुसा बाहेर येत राहिला तर वासा सापडला, चंदेरी कीस आला तर ॲल्युमिनियमची नळी. बिट अचानक ‘ढप्प’ करून आत गेलं आणि पुढे काहीच आलं नाही, तर तुम्ही दोन वाशांच्या मध्ये आहात. ते भोक सीलंटनं भरा, वर सीलंट टेपचा तुकडा चिकटवा आणि जागा बदला. चुकलेलं भोक तसंच ठेवून त्यावर ब्रॅकेट टाकायचा मोह मला झाला होता. आजोबांनी टाकू दिला नसता.

भोकात सीलंटचा एक थेंब सोडा, स्टेनलेस स्टीलचा स्क्रू हातानं फिरवा. मशिननं शेवटपर्यंत आवळू नका. पातळ फळीतले आटे क्षणात चोळामोळा होतात आणि स्क्रू नुसता गोल फिरत राहतो. ब्रॅकेटच्या चारी कडांनी ब्युटाइल किंचित बाहेर डोकावलं की पुरे झालं. मग सगळ्यावर सेल्फ-लेव्हलिंग सीलंट: स्क्रूच्या डोक्यांवर, ब्रॅकेटच्या कडांवर, आणि कडेबाहेर अर्धा-पाऊण इंच. ते आमटीसारखं पसरून स्वतः सपाट होतं. छताच्या उतरत्या कडेला हेच सीलंट ओघळून भिंतीवर येतं, तिथे न ओघळणारा प्रकार घ्यायचा. बोट फिरवून सुबक करायला जाऊ नका. ते दिसायला ओबडधोबडच असतं आणि असू द्यावं.

वायर आत न्यायला आणखी एक भोक लागतं, पण कधीकधी ते टाळता येतं. जुन्या आरव्हीत गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर त्याची धुरांडी छतावर आधीच आहे. तिच्यातून वायर खाली नेता येतात, धुरांडीच्या गरम भागापासून लांब, क्लिप लावून. नवीन आरव्हीवर ‘सोलर रेडी’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून हुरळू नका. आतली वायर किती जाड आहे, कुठे जाते आणि धन-ऋण टोकं सुलटी आहेत का, हे मीटरनं तपासल्याशिवाय काहीही जोडू नका.

विजेचा भाग

आता तुलनेनं सोपं काम. उदाहरणार्थ, चार १०० वॅटची पॅनल सगळी समांतर जोडली तर दाब वीस व्होल्टच्या आसपास आणि प्रवाह बावीस अँप होतो. पंचवीस फूट लांबीच्या १० गेज वायरीत, जाऊन-येऊन पन्नास फुटांत, एक व्होल्टहून जास्त वाटेतच जिरतो: पाच-सहा टक्के. तीच पॅनल दोन-दोनच्या माळांत जोडली तर नुकसान दीड टक्क्याच्या आत येतं. चारही एका माळेत जोडली तर आणखी कमी. मग चारही एका माळेत का नकोत?

कारण थंडी. पॅनलच्या पाठीवर २४ व्होल्ट हा बिनभाराचा दाब लिहिलेला असतो तो २५ अंश सेल्सियसचा. तापमान एक अंश उतरलं की तो साधारण ०.३ टक्के चढतो. चार पॅनल म्हणजे ९६ व्होल्ट, आणि १०० व्होल्टपर्यंत चालणारा कंट्रोलर बघून आपण खूश होतो. मग तुम्ही जानेवारीत ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर, सात हजार फुटांवर मुक्काम करता. पहाटे उणे दहा अंश. स्वच्छ सूर्य उगवतो, पस्तीस अंशांचा फरक, साडेदहा टक्के वाढ, १०६ व्होल्ट. कंट्रोलर जळतो, आणि जास्त दाबानं जळालेल्यावर हमी मिळत नाही. दोन-दोनच्या माळा घ्या. त्या ५३ व्होल्टवर निवांत राहतात आणि एका माळेवर सावली पडली तरी दुसरी कमावत राहते. तीन किंवा जास्त माळा समांतर जोडणार असाल तर प्रत्येक माळेला वेगळा फ्यूज हवा.

कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचाच घ्या आणि तो बॅटरीच्या जवळ, पण बॅटरीच्या डोक्यावर नव्हे, असा लावा. ३० अँपच्या कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत ८ गेज वायर आणि बॅटरीच्या टोकाजवळ ४० अँपचा फ्यूज. जोडण्याचा क्रम पाठ करा: आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. पॅनलला बटण नसतं. ऊन पडलं की ते जिवंत असतं, म्हणून काम संपेपर्यंत चादर काढू नका. पॅनलच्या वायरींचे एमसी-४ प्लग चालू प्रवाहात ओढून काढले तर ठिणगी पडते, आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे प्लग एकमेकांत बसले तरी जोडू नयेत. सैल सांधा तापतो. पॅनल आणि कंट्रोलर यांच्या मध्ये एक स्विच टाकलात तर पुढची सगळी वर्षं सोपी जातात.

इन्व्हर्टरच्या तारांशी मात्र खेळू नका. २००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १२ व्होल्टच्या बॅटरीतून दोनशे अँपच्या आसपास ओढतो. त्या तारा अंगठ्याएवढ्या जाड, आणि लिथियम बॅटरी असेल तर फ्यूज क्लास-टी प्रकारचा. शंका असेल तर छताचं काम स्वतः करा आणि एवढा भाग जाणकाराकडून करून घ्या. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते. लिथियम आयर्न फॉस्फेट जवळजवळ सगळी वापरता येते, म्हणून महाग असूनही ती परवडते. १०० अँप-तासांच्या दोन बॅटऱ्यांत साधारण २५०० वॅट-तास मावतात, आमचा एक दिवस. पण शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरच्या उघड्या खोक्यात ती ठेवली तर वर सांगितलेल्या त्या स्वच्छ, थंड सकाळी वीज असूनही घेता येत नाही. आत आणा, पलंगाखाली.

नंतर

पहिल्या शंभर मैलांनंतर थांबा आणि वर चढा. नट आवळल्यावर त्यांवर रंगीत पेननं एक रेघ ओढून ठेवली असेल तर सैल झालेला नट रेघ तुटल्यावरून लगेच दिसतो. पॅनल तिरपं करता येणारे ब्रॅकेट घेतले असतील तर निघण्याआधी ती सपाट केली का, हे दोघांनी वेगवेगळं तपासा. वाळवंटात रात्री अचानक वारा सुटतो, तेव्हा उभं पॅनल ठेवून झोपू नका. क्वार्ट्झसाइटची धूळ आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसायची, पहाटे, काच थंड असताना.

कॅलिफोर्नियाचा पाऊस नोव्हेंबरच्या आसपास येतो, म्हणून आमची शाकारणी ऑक्टोबरात असते आणि दुसरी एप्रिलमध्ये. सीलंटला केसासारखी चीर दिसली तर ती जागा पुसून वर ताजा थर द्यायचा. जुनं उपटायची गरज नाही. मी बत्तीसही भोकांचा नकाशा काढून, त्यावर सीलंट लावल्याच्या तारखा लिहून, पलंगावरच्या त्याच कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. पहिला मोठा पाऊस झाला की बॅटरीचा आकडा मी नंतर बघते. आधी टॉर्च घेऊन ते दार उघडते, अंगठ्यानं कोपरा दाबते आणि नाक आत घालून वास घेते.